आधी जेवण, मग तलाव

केवलराम लंजे गोंदियाच्या कलेक्टर ऑफिसच्या फाटकासमोर सकाळी दहापासून उभा होता. खिशात घडी घातलेला एक कागद होता आणि दर पाच मिनिटांनी तो काढून वाचत होता, मधल्या वेळात मजकूर बदलला असेल तर म्हणून. कागदावर तीनच ओळी होत्या. रेहाना मुजावर मॅडम, हलाल. ईशान पेठे, वीगन. किरीटभाई शहा, शाकाहारी, कांदा-लसूण-बटाटा चालत नाही. या तिघांना एका टेबलावर बसवून पोटभर जेवू घालायचं आणि मग गावचा तलाव दाखवायला न्यायचं, एवढंच त्याचं काम. 'एवढंच' म्हणताना माणूस फसतो तो असा.

त्याचं गाव खैरीटोला, तिकडे अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोंदियापासून दोन तासांवर. गावचा तलाव कोहळी लोकांनी डोक्यावर माती वाहून बांधलेला, त्यात केवलरामाचा खापरपणजाही होता. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध, गावच्या बोलीत पार. ती चार वर्षांपासून पाझरत होती आणि गेल्या पावसाळ्यात तिला उभी भेग गेली. भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. पाळीच्या खाली साठ घरांचं धान. अजून एक पावसाळा ती पाळ काढणार नाही हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. केवलराम तलाव समितीचा सचिव. अर्ज करून करून त्याच्या चपला झिजल्या, तेव्हा कुठे मुंबईच्या एका संस्थेनं कळवलं की जिल्ह्यात यंदा एकच तलाव दुरुस्त करू. दोन बघू, एक निवडू. एक बोदलकसाकडचा, दुसरा तुमचा. बोदलकसाकडचा काल बघून झाला होता.

पाहुण्यांच्या मेसेजमध्ये खाण्यापिण्याच्या त्या तीन ओळी होत्या, आणि खाली आणखी एक ओळ होती: वेगळी सोय करू नका, आमचा खाऊ आमच्यासोबत असतो, आधी तलाव पाहू. सरपंच सुमित्राबाईंनी ती ओळ बैठकीत मोठ्यानं वाचली आणि हसल्या.

"असं लिवाच लागते," त्या म्हणाल्या. "पाहुना का सोताहून मनते, मले पोटभर जेवू घाला म्हनून?"

सगळ्यांना पटलं. खैरीटोल्यात रीतच तशी आहे. पाहुणा तीनदा नको म्हणतो आणि चौथ्यांदा ताटावर बसतो. तिसऱ्या नकाराला जो यजमान गप्प बसला त्याचं नाव पुढच्या तीन लग्नांत निघतं. आणि पाहुण्याच्या पोटात अन्न गेल्याशिवाय त्याच्याजवळ कामाचा शब्द काढायचा नाही. सोयरीक असो की बैलाचा सौदा, आधी हातावर पाणी. 'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण दुसरीकडे लोक हसत हसत वापरतात, खैरीटोल्यानं ती कायदा म्हणून घेतली आहे.

मग गावातच का नाही रांधलं? रुख्मा होती ना, शंभर पानांचा स्वयंपाक एकटीनं ओढणारी. पण तिनं तो कागद ऐकला आणि हातच जोडले. "दूध नाई, दही नाई, तूप नाई, मंग पाहुन्याच्या ताटात वाढू काय? आन ते हलाल कोन करन? माया हातून चुकलं तं तलाव जाईन, बापा." आता रुख्माच्या चुलीवर रोज भात, वरण, परसातली भाजी आणि जवसाची चटणी असते, त्यात दुधाचा थेंब नसतो की मटणाचा तुकडा नसतो. पण रोजचं जेवण पाहुण्याला वाढायचं म्हणजे पाहुण्याचा अपमान; तेच वाढावं हा विचार बैठकीत एकाच्याही डोक्यात आला नाही. ठरलं असं की गोंदिया मोठं शहर, तिथे सगळं मिळतं, केवलरामानं त्यांना तिथेच जेवू घालून आणावं.

सव्वाअकराला पाहुणे कलेक्टरांची भेट उरकून ऑफिसातून बाहेर आले. रेहाना मुजावर संस्थेची इंजिनिअर, सांगलीकडची, चाळिशीची, पायात मळलेले बूट. ईशान पेठे पुण्याचा, मोजमापाचं यंत्र पाठीवर बांधलेला सडपातळ तरुण. किरीटभाई शहा संस्थेचे विश्वस्त, सत्तरीचे, स्वच्छ पांढऱ्या कपड्यातले आणि कमी बोलणारे.

रेहानानं नमस्कार केला आणि लगेच घड्याळ पाहिलं. "काका, साडेपाचची गाडी आहे आमची. बाराच्या आत गोंदिया सोडलं तर तुमच्याकडे दीड तास नीट मिळेल. निघूया?"

"निंगू ना जी. आधी दोन घास खाऊन घ्या."

"नको, भूक नाहीये. ईशानकडे शेंगदाणे आहेत, खजूर आहेत. वाटेत खाऊ."

पहिला नकार. केवलरामानं मनातल्या मनात एक बोट दुमडलं आणि मुन्नालालला गाडी काढायला सांगितली. मुन्नालाल गाडीचा मालक आणि ड्रायव्हर, जन्मानं गोंदियाचा, सासुरवाडीनं अर्जुनीचा. "चिंता मत करो भाऊ," तो म्हणाला, "गोंदिया में सब मिलता है." सगळं मिळतं हे खरं, पण एका जागी मिळतं असं तो बोलला नव्हता, आणि केवलरामानंही विचारलं नाही.

पहिलं हॉटेल मोठ्या रस्त्यावरचं, 'शुद्ध शाकाहारी' असं हिरव्या अक्षरात लिहिलेलं. किरीटभाईंची सोय झाली. मालकानं स्वतः येऊन सांगितलं की बिना कांदा-लसणाचं सगळं मिळेल. केवलरामाला वाटलं, जिंकलो. मग ईशाननं विचारलं की दूध, तूप, लोणी नसलेलं काय आहे.

मालकाला प्रश्नच कळला नाही. "घी एकदम शुद्ध है साहब, घर का."

"शुद्ध असेल हो, पण मी खात नाही. साधी पोळी मिळेल? वरून काही न लावता?"

"मिलेगी ना. हमारे यहाँ आटा ही दूध में गूंथते हैं," मालक अभिमानानं म्हणाला. वरणाला फोडणी तुपाची, भाजीत पनीर, भातावर लोणी. उरलं काय तर पापड आणि लिंबू. शाकाहारी माणसाची इतकी काळजी घेणाऱ्या त्या हॉटेलात दूध न खाणाऱ्याला पाण्याखेरीज काही नव्हतं, आणि मालक त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत होता.

"मी पापड खातो, मला पुरे," ईशान म्हणाला. "आणि रेहाना मॅडमना इथलं सगळं चालेल."

"चालेलच," रेहाना म्हणाली. "काका, हलाल हे मांसापुरतं असतं. शाकाहारी जेवण मी कुठेही जेवते. खरंच."

आता हे इतकं सरळ वाक्य. पण केवलरामाच्या कानात ते सरळ शिरेल तर शपथ. त्याला वाटलं, बिचारी सांभाळून घेते आहे. कागदावर हलाल लिहिलं असताना तिला भाजी खायला घालून नेलं, तर उद्या ती तिच्या घरी काय सांगेल? तो उठला. पाठोपाठ तिघांनाही उठावं लागलं.

दुसरं हॉटेल बाजारातल्या गल्लीतलं, बिर्याणीचं. काचेवर हलाल लिहिलेलं, दारात मोठा हंडा, वासानं मुन्नालालच्या तोंडाला पाणी सुटलेलं. मालक भला माणूस होता. "बाजी, आप बैठो," तो रेहानाला म्हणाला, "और इन साहब के लिए अलग तवे पे सब्ज़ी बना देता हूँ, तेल में. आधा घंटा." पण किरीटभाई पायरीशीच थांबले होते. आत काही वाईट होतं असं नाही. त्यांना वासानं कसंतरी होत होतं आणि ते तसं दाखवत नव्हते.

"तुम्ही जेवून घ्या," ते म्हणाले, "मी गाडीत बसतो. माझ्यासाठी अडू नका."

सत्तरीच्या पाहुण्याला गाडीत उपाशी बसवून बाकीच्यांनी आत बिर्याणी खायची? खैरीटोल्यात असं कुत्र्यालाही करत नाहीत. केवलरामानं हॉटेलवाल्याला हात जोडले. हॉटेलवाला "कोई बात नहीं" म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जरा वाईट वाटलेलं दिसलंही. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"काका," रेहाना म्हणाली, या वेळी थांबून, एकेक शब्द सुटा करून, "आम्हाला कुणालाच भूक नाहीये. आपण तलावाकडे निघू. अजूनही तासभर मिळेल."

"हो जी, निंगूच. दहा मिनिटं फक्त."

दुसरा नकार. केवलरामाला आता घाम फुटला होता, पण हिंमतही आली होती, कारण त्याच्या हिशेबानं गोष्ट ठरल्या वाटेनं चालली होती. तेवढ्यात सुमित्राबाईंचा फोन आला. गावातल्या बाया सकाळपासून पाळीवर आहेत, झाडलोट झाली, रांगोळी घातली, पाहुणे कुठवर आले? "जेवाचं चालू आहे," केवलराम म्हणाला. "घाई नोको करू," सुमित्राबाई म्हणाल्या, "नीट जेवू दे त्यायले."

तिसरं हॉटेल एसीचं. दारात दरबान, मेन्यूकार्ड सातबाऱ्याच्या फेरफारासारखं लांबलचक. केवलराम आयुष्यात पहिल्यांदा असल्या खुर्चीत बसला होता आणि ती खुर्ची त्याला आत आत ओढत होती. मॅनेजरनं तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर दिलं: "सब है सर." हलाल? सब है. वीगन? सब है. बिना कांदा-लसूण? सब है सर. असं उत्तर मिळालं की ओळखावं, या माणसाला काही ठाऊक नाही. केवलरामानं ओळखलं नाही. त्यानं देवाचे आभार मानले.

जेवण यायला पंचवीस मिनिटं लागली. ईशानची भाजी आली ती सायीत पोहत. त्यानं चमच्यानं बाजूला करून पाहिलं आणि ताट हळूच सरकवलं. वेटर म्हणाला, "क्रीम है सर, दूध नहीं है." रेहानानं हलालबद्दल विचारलं तेव्हा वेटर आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला, "मैडम, हलाल अभी खत्म हो गया." मुन्नालाल दारात उभा होता, त्याला हसू आवरेना. किरीटभाईंनी विचारलं, स्वयंपाकघर एकच का? एकच होतं. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि पाण्याचा पेला पुढे ओढला.

केवलराम मॅनेजरवर भडकला. गावात कधी आवाज न चढवणारा माणूस, पण इथे चढला. "सब है, सब है मनून राहिले, आहे काय तुमच्यापाशी? काऊन बसवलं आम्हाला?" मॅनेजरनं शांतपणे एसी थोडा वाढवला. केवलरामाच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. इतक्या मोठ्या शहरात तीन माणसांना एका जागी घास मिळू नये? शहर म्हणवतं कशाला मग?

"सर, खरंच सोडा," ईशान म्हणाला. त्यानं पिशवीतून शेंगदाण्यांची पुडी काढून टेबलावर ठेवली. "हे घ्या, सगळे खाऊ. आमचं रोज असंच चालतं."

तिसरा नकार. म्हणजे आता चौथ्यांदा पाहुणे जेवणार होते. रेहानानं किरीटभाईंकडे पाहिलं, किरीटभाईंनी मान किंचित हलवली. केवलरामाला ती नजर दिसली आणि ती त्याला भुकेची वाटली.

"मुन्नालाल," तो म्हणाला, "तू कुठं जेवतो?"

मुन्नालाल जेवायचा राईस मिलच्या मागे, पुष्पाबाईकडे. चार बांबूंवर ताडपत्री, दोन चुली, एक लांब लाकडी टेबल, आणि गिऱ्हाईक म्हणजे मिलमधले हमाल. पुष्पाबाईनं कागद ऐकला आणि तिला त्यात काहीच अवघड वाटलं नाही. "दूध मी ठेवतच नाई, नासते," ती म्हणाली. "मटन मी रांधतच नाई. कांदा-लसूण नोको तं नाई टाकत. दुसरं गंज घासून चढवते. बसा." तिनं खरंच नवं पातेलं घासलं, तेलात जिऱ्याची फोडणी घातली, दुधीची भाजी टाकली, बाजूला भात लावला. शिजायला वेळ लागला. चुलीला घड्याळ कळत नाही. पण एक वाजून पस्तीस मिनिटांनी रेहाना, ईशान आणि किरीटभाई एका टेबलावर, एकाच पातेल्यातलं जेवत होते.

केवलरामानं कुणाला वाढू दिलं नाही. भात त्यानं स्वतः वाढला, भाजी स्वतः वाढली, ईशानला आग्रह करून दुसऱ्यांदा घातली. किरीटभाईंनी लसूण नसल्याची खात्री करून जवसाची चटणी मागून घेतली तेव्हा त्याचा ऊर भरून आला. सकाळपासूनचा वैताग कुठल्या कुठे गेला. चौथ्यांदा जेवले की नाही? जेवलेच. तो एका बाजूला उभा राहून त्यांच्या हातांकडे बघत होता आणि मनात म्हणत होता, आता तलाव आपला.

पाहुण्यांनी हात धुतले. केवलरामानं गळ्यातल्या टॉवेलला हात पुसले, पिशवीतून फाइल काढली आणि टेबलावर मांडली. जुना नकाशा, साठ सह्या, चार वर्षांचे अर्ज. "आता कामाचं बोलू जी," तो म्हणाला. "पारीले भेग आहे ते दक्षिनेच्या बाजूनं—"

"काका," रेहाना म्हणाली. ती फाइलकडे पाहत नव्हती. "दोन वाजले."

"हो जी. निंगू आता."

"आता निघालो तर चारला पोचू. साडेपाचला इथे स्टेशनवर असायला हवं. म्हणजे पोचायच्या आधीच परत फिरावं लागेल."

केवलरामानं मुन्नालालकडे पाहिलं. गाडी कितीही हाणली तरी रस्ता तेवढाच राहणार हे मुन्नालालला ठाऊक होतं, म्हणून त्यानं नकारार्थी मान हलवली.

"उद्याची गाडी धरा ना जी. गावात झोपाची सोय करतो, सारं करतो."

"उद्या सकाळी आम्हाला दुसऱ्या जिल्ह्यात जायचंय, तिथले लोक थांबलेत. आणि अहवाल आज जातो." मग तिनं विचारलं, "राग मानू नका, पण एक विचारते. तलावात कुणाचं अतिक्रमण आहे का? गावात काही भांडण?"

"नाई जी. कायले?"

"मग तीन तास तुम्ही आम्हाला गोंदियात का फिरवलं? आम्ही तीनदा सांगितलं, निघू. शेवटी आम्हाला वाटायला लागलं की तुम्हाला तलाव दाखवायचाच नाहीये. असं होतं बऱ्याच गावांत."

दाखवायचा नाही? ज्याच्यासाठी केवलराम चार वर्षं रात्रीचा दिवस करत होता, तो तलाव दाखवायचा नाही?

"तुमाले भूक लागली असन मनून," तो म्हणाला. याखेरीज त्याच्याकडे दुसरं खरं नव्हतंच.

किरीटभाई पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. "कालच्या गावात आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. गाडीतून उतरलो ते थेट पाळीवर नेलं." त्यांनी ते तक्रार म्हणून सांगितलं की कौतुक म्हणून, हे कळत नव्हतं. मग हात जोडून म्हणाले, "जेवण फार चांगलं झालं."

केवलरामानं मोबाइल काढला. भेगेत घातलेल्या हाताचा एक फोटो होता, हललेला. रेहानानं तो बोटांनी मोठा करून नीट पाहिला. तिच्या कपाळावर आठी पडली. तिला भेग कळली होती. "हे गंभीर आहे," ती म्हणाली. "पण फोटोवरून मला लिहिता येत नाही काका. आम्ही स्वतः मोजलेलं असलं तरच धरतात. पुढच्या वर्षी तुमचं नाव सगळ्यात वर घालते, शब्द देते."

"पुढच्या वर्षी पार राहीन का?"

तिनं मोबाइल त्याच्या हातात परत दिला. ईशाननं यंत्र पाठीवर चढवलं आणि तो खाली मान घालून बुटाची नाडी बांधत बसला, ती बांधलेलीच होती. पुष्पाबाईनं आल्या-गेल्याला विचारावं तसं विचारलं, अजून भात वाढू का? कुणी हो म्हणालं नाही. केवलरामाला ते नकार एक, दोन असे मोजायची सुद्धा आता भीती वाटली.

फोन वाजला. तो दोन पावलं बाजूला गेला.

"जेवले का पाहुने?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"जेवले."

"पोटभर?"

"हो. तिघंबी. एकाच टेबलावर."

"बेस झालं. मंग निंगा आता. आमी साऱ्या पारीवरच बसून आहो. भेगेतला पाला-कचरा काढून ठेवला, दुरून दिसते आता."

केवलरामाला राग आला. पाहुण्यांवर म्हणावं तर त्यांनी तीनदा सांगितलं होतं. सुमित्राबाईंवर म्हणावं तर त्या साऱ्या गावाचंच बोलल्या होत्या. राग कुणावर काढावा हेच त्याला कळेना, आणि त्याचा त्याला आणखी राग आला.

"ते येत नाई," तो म्हणाला.

"काऊन?"

त्यानं मागे वळून पाहिलं. टेबलावर तीन रिकामी ताटं होती, लख्ख, शीतही न उरलेली.

"जेवून राहिले होते," तो म्हणाला.

फोनवर सुमित्राबाईंच्या मागून एक बाई विचारत होती, कुठवर आले वो, कुठवर आले.